पस्तीस मुलं, एक राक्षस

परीक्षा आटोपत आल्या की सोसायटीच्या फलकावर पाण्याच्या वेळांशेजारी शिबिरांचे कागद दिसू लागतात. पोहणं, वैदिक गणित, हस्ताक्षर सुधार आणि त्यांच्या गर्दीत एखादं नाट्यशिबिर. वयोगट ५ ते १५. खाली ठळक अक्षरांत सभाधीटपणा, आत्मविश्वास, व्यक्तिमत्त्व विकास. आईवडील पैसे भरतात ते या तीन गोष्टींचे. आपलं पोर घरात कुणाला बोलू देत नाही, तेव्हा त्याला आणखी सभाधीट करून आपण कुठे जाणार आहोत, हा विचार त्या क्षणी कुणाला शिवत नाही. मुलांचं मात्र पहिल्या दिवसापासून स्पष्ट असतं. चपला काढायच्या आधीच दारातून प्रश्न येतो, "ताई, राक्षस आहे का?"

एका मैत्रिणीच्या शिबिरात मी मे महिन्यात कपडेपट सांभाळते. कपडेपट म्हणजे पत्र्याच्या दोन ट्रंका, सेफ्टी पिनांचा डबा आणि फेव्हिकॉल. तिथे बसून जे दिसतं त्यावरून सांगते, राजपुत्र व्हायला कुणी राजी नसतं. राजपुत्राला ताठ उभं राहावं लागतं, खरं बोलावं लागतं आणि शेवटी राजकन्येचा हात धरावा लागतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या मते पहिल्या दोन शिक्षा एकवेळ सोसता येतील, तिसरी नाही. राक्षसाला ओरडता येतं, जमिनीवर लोळता येतं, दुसऱ्याच्या ताटातलं खाता येतं आणि एवढं करून वर टाळ्या मिळतात. वर्षभर "हळू बोल" ऐकून कंटाळलेल्या पोराला एक मोठं माणूस सांगत असतं, "आवाज अजून काढ, शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे." सुट्टी सुट्टी म्हणतात ती हीच.

आपल्या बालरंगभूमीने ही नस फार लवकर ओळखली होती. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली त्यांच्या लिटल थिएटरने 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. लिहिणारे रत्नाकर मतकरी तेव्हा जेमतेम विशीचे. पुढे त्यांनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहिलं, म्हणजे राक्षस थेट शीर्षकात नेऊन बसवला. 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ साली नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगल्यांनी. चेटकिणीचं नाव घराघरात ठाऊक. त्याच नाटकातल्या राजाचं नाव विचारून पाहा, भले भले छताकडे बघायला लागतात.

शिबिराची अडचण अशी की राक्षस एक आणि मुलं पस्तीस. एरवी नाटककार नाटक लिहितो आणि मग नट शोधतात. इथे नट आधी येतात, पावती फाडून येतात, आणि नाटक त्यांच्या मापाने बेतावं लागतं. शिबिराच्या नाटकात जंगल येतं ते कथानकाची गरज म्हणून नव्हे, तर पाच-सहा वर्षांची अकरा मुलं आहेत म्हणून. दरबार येतो कारण सात जणांकडे लग्नातली शेरवानी आहे. मावळे तर येतातच, कारण शिवजयंतीला शिवलेला पोशाख पुढच्या वर्षी आखूड होणार असतो. एकदा मावळे मंगळावर गेले होते. तिथेही जंगल होतं.

आणि झाडांना मुकं ठेवून चालत नाही. तिसऱ्या दिवशी फोन येतो.

"मॅडम, आमचा झाड झालाय म्हणे?"

"हो, वडाचं."

"नाही, वड चांगलाच आहे. पण बोलणारं झाड आहे ना?"

"बोलतं की."

"कितीदा?"

मग प्रत्येक झाडाला एक वाक्य द्यावं लागतं. वडाला दिलं की पिंपळाच्या आजीचा फोन येतो. शिकारीला निघालेल्या राजाला त्या बोलक्या अरण्यात तोंड उघडायला वाव मिळत नाही. या गणिताचं देखणं उत्तर 'आविष्कार' या नाट्यसंस्थेच्या चंद्रशाला या बालविभागाने १९८२ साली 'दुर्गा झाली गौरी'तून दिलं होतं. नाच आणि गाण्यात पोरांचा केवढा तरी ताफा सामावून घेतला. पण त्यामागे सुलभा देशपांडे होत्या, छबिलदास शाळेत शिकवलेल्या, पोरांच्या नाड्या जाणणाऱ्या. आमच्याकडे दहा दिवस आणि एक ब्लूटूथ स्पीकर.

खरं नाटक मला सकाळच्या खेळांतच दिसतं. आरशाचा खेळ, मूर्तीचा खेळ, जिब्रिश. एकदा खेळ घेणाऱ्या दादाने सगळ्यांना बी व्हायला सांगितलं. अंग चोरून बसा, पाऊस पडतोय, आता हळूहळू उगवा. बाकीची रोपं तरारून उभी राहिली. एक पोरगी कोपऱ्यात तशीच गुडघ्यांत डोकं घालून. काय गं, उगवत का नाहीस? तर म्हणाली, "इकडे पाऊस आलाच नाही." दादा तिकडे जाऊन पाऊस पाडून आला.

तेरा-चौदाची मुलं या खेळांत नसतात. ती भिंतीला टेकून, एकमेकांच्या फोनमध्ये डोकावत बसतात. 'बालनाट्य' हा शब्द त्यांना झोंबतो. त्यांना एकांकिका करायची असते, तीही स्वतः लिहिलेली. त्यात कुणी तरी मरतं, बहुधा मार्कांपायी, आणि दर दोन मिनिटांनी ब्लॅकआउट. आमच्या हॉलला पडदे नसल्यामुळे सकाळी अकराच्या उन्हात "ब्लॅकआउट!" असं ओरडून सांगावं लागतं. मी आधी हसत असे, आता नाही. कारण त्या एकांकिकेत एक बाप असतो. ही भूमिका हमखास गटातल्या सगळ्यात मवाळ मुलाकडे जाते. तो घरून वडिलांचा शर्ट घेऊन येतो, बाह्या दुमडतो, हातात पेपर धरतो आणि पेपरातून डोकं वर न काढता म्हणतो, "बरं. मग गणितात किती?" हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नसतं. प्रयोगाला पहिल्या रांगेतले तीन-चार बाबा एकदम मोबाइल खाली ठेवतात. पुण्यात १९८६ साली मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स थिएटर आणलं, तेव्हा मोठी माणसं लहान मुलांची कामं करू लागली होती. हे त्याच्या उलट, आणि माझ्या मते जास्त बोचरं.

प्रयोग सकाळचा असतो, कारण सकाळी सभागृह स्वस्त पडतं. पहिल्या पाच रांगांत हात वर करून फोन धरलेले पालक, त्यामुळे सहाव्या रांगेपासून मागे नाटक त्या फोनांच्या पडद्यांवरच बघावं लागतं. यंदा झाडं चोख बोलली. मावळ्याची मिशी घामाने हनुवटीवर उतरली, पण त्याने ती दाढी म्हणून निभावली. राक्षसाने छातीत तलवार घेतली, तीन गिरक्या मारल्या, विव्हळला, कोसळला, पाय झाडले, मेला. टाळ्या झाल्या. राजाने विजयाचं भाषण सुरू केलं. तेवढ्यात राक्षस उठला, त्याने राजाच्या हातातली तलवार पुन्हा आपल्या काखेत खुपसली आणि पहिल्यापासून सगळा मेला.

विंगेत आल्यावर मैत्रिणीने त्याचे खांदे धरले. "अरे, एकदा मेला होतास ना? परत का उठलास?"

"आजी-आजोबा आत्ता आले," तो धापा टाकत म्हणाला. "त्यांना रिक्षाच मिळत नव्हती."