काठावरचा

तेलुगूत नल्ल म्हणजे काळा आणि कुंट म्हणजे तळं. हैदराबादच्या नल्लकुंट्यातलं तळं कधीच बुजलं. 1980च्या दशकाच्या अखेरीस मी परभणीहून रात्रीच्या गाडीनं काचीगुड्याला उतरून मावशीकडे पोचलो, तेव्हा तिथं भाजीबाजार होता, फीवर हॉस्पिटल होतं आणि गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या होत्या. तळं नसलं तरी काठ मी सोबत आणला होता. गणितात पाचवीपासून मी काठावर पास.

देशात तेव्हा आयआयटी पाचच. खरगपूर, मुंबई, मद्रास, कानपूर, दिल्ली. आणि तिथं पोचण्याचा रस्ता नल्लकुंट्यातून जातो, असं वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं. इथं चुक्का रामय्या नावाचे गणिताचे निवृत्त मास्तर मुलांना तयार करत. लोक त्यांना 'आयआयटी रामय्या'च म्हणत. आडनाव गळून त्या जागी संस्था चिकटावी, इतका मान फार थोड्या मास्तरांना मिळाला असेल. (पुढे ते विधान परिषदेवर आमदारही झाले.) पण त्यांच्याकडे शिकायचं तर आधी परीक्षा. मोजकीच मुलं घेत. मग त्या परीक्षेच्या तयारीला वेगळ्या शिकवण्या निघाल्या. म्हणजे आयआयटीची प्रवेशपरीक्षा, तिच्यासाठी शिकवणी, त्या शिकवणीसाठी परीक्षा आणि त्या परीक्षेसाठी पुन्हा शिकवणी. या जिन्याला मी अगदी खाली होतो, जिथं चपला काढतात तिथं.

शिकवणी पहाटेची. शेजारी गुंटूरचा एक मुलगा बसे. माझा प्रश्न वाचून होईपर्यंत त्याची उत्तराखाली रेघ मारून झालेली असे. बरं, तो स्वभावानं वाईट असता तर मनाला तेवढाच आधार. पण तो खोडरबरही देई.

सुटल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर इडली. पहिल्याच दिवशी गाडीवाल्यानं विचारलं, "रँकु एंता?" एंता म्हणजे किती, एवढं मावशीनं शिकवलं होतं. इडल्या विचारतोय असं समजून मी दोन बोटं दाखवली. त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि चटणी दुप्पट वाढली. रोजच. खरा अर्थ आठवड्यानं कळला. तोवर चटणीची सवय लागली होती.

एका संध्याकाळी काका उस्मानिया विद्यापीठ दाखवायला घेऊन गेले. जवळच आहे. 1918 साली सुरू झालं तेव्हा तिथलं शिक्षण उर्दूतून, गणितसुद्धा. निजामाच्या राज्यातल्या आमच्या मराठवाड्यातून तिथं गेलेल्या पोरांना आधी भाषेचीच प्रवेशपरीक्षा. आजोबा त्यांपैकी एक. त्रिकोणाला ते मरेपर्यंत 'मुसल्लस' म्हणत, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणत. ते नापास झाल्याची गोष्ट घरात कुणी सांगत नसे. पहिले आल्याचीही नाही. तेव्हा तेही काठावरच असणार, असा हिशेब मी आर्ट्स कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून मांडला. त्या मुक्कामात बरोबर आलेलं माझं ते एकमेव गणित.

परीक्षेत अडीच उदाहरणं सुटली. यादी लागली तेव्हा सवयीनं मी खालून वाचायला घेतली आणि वाचत वाचत वर पोचलो. सगळ्यांत वर गुंटूर. घरी कार्ड टाकलं. वडिलांचं उत्तर चार ओळींचं आलं; त्यातल्या तीन आवकायच्या लोणच्याबद्दल होत्या. बरणी मांडीवर घेऊन बस, मागच्या वेळी तेल गाडीभर झिरपलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी भूक जास्त होती. गाडीवर मी तीन बोटं दाखवली.

गाडीवाल्याचा पळी धरलेला हात तसाच थांबला. मग नेहमीपेक्षाही जास्त चटणी वाढत तो हळू आवाजात म्हणाला, "परवालेदु, बाबू." असू दे.