घडीचं घर

फ्रान्समधल्या मायेनचे फर्निचरवाले सुतार कॉन्स्टाँ रूसो यांनी 1961 साली घरच्यांच्या सुट्टीसाठी घडीची कॅरॅव्हॅन बनवली. छप्पर उचला, भिंती उभ्या करा, झालं घर. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचं नाव रापिदो, म्हणजे झटपट. त्या जुन्या रापिदो हुडकून दुरुस्त करणारे हौशी पाहिले, की नावातला विनोद कळतो.

गाडी मिळते कुणाच्या तरी गोठ्यात, ताडपत्रीखाली, जवळपास फुकटात. मग सुरू होतो बारा आण्यांचा मसाला. रबरी पट्ट्या पापडासारख्या मोडतात. भिंतीच्या तळाला प्लायवुडवर स्क्रू-ड्रायव्हर नुसता टेकवला, तर मुठीपर्यंत आत जातो, चहात बुडवलेल्या पावात जावा तसा. बिजागरी कुठे मिळत नाही, म्हणून तेवढ्यासाठी दुसरी अख्खी कॅरॅव्हॅन आणायची. ती खोलायला घेतली की हात थबकतो: अहो, ही तर पहिलीपेक्षा बरी!

आता दारात दोन. घडी होते, जागा वाचते, हे बायकोला पुन्हा एकदा समजावलं जातं. पडदे मात्र हवेत अस्सल सत्तरच्या दशकातले, नारिंगी-तपकिरी फुलांचे. (तेव्हाही ते कुणाला आवडले असतील, असं वाटत नाही.)

आणि सहल? पुढच्या उन्हाळ्यात. बिजागरी मिळाली तर.