काकीची भाजावळ

दापोलीकडच्या आमच्या परसातून धूर निघाला की आळीतल्या कुणाला बोलावणं धाडावं लागत नाही. भाजावळीतलं सगळ्यांनाच कळतं, शेजाऱ्यापेक्षा जरा जास्तच.

मृग लागायच्या आत भाजीची जागा तयार हवी. भाताच्या तरव्यासाठी जे करतात तेच काकी भेंडी-पडवळासाठी करते: तळाला वाळलेलं शेण, त्यावर ऐन-किंजळीचं कवळ, मग आंब्याफणसाचा पातेरा, गवत आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर. रचना चोख. पण भाजावळीची कुणकुण लागली की घरादाराला अडगळ आठवते. सुपाचा सांगाडा आला, उंदरांनी कुरतडलेली वाकळ आली, चुलतभावाच्या अकरावीच्या गणिताच्या कोऱ्या वह्याही आल्या. पातेऱ्यात कुणीतरी दडवलेल्या प्लास्टिकच्या चपला काकीने नेमक्या उपसून काढल्या. "मला भेंडी लावायचीय, चपला नाही पिकवायच्या!"

पेटवायचं ते सकाळीच. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला आणि गडग्यापलीकडच्या कलमांत ठिणगी गेली, तर गावात तोंड दाखवायची सोय उरत नाही. म्हणून ढिगाभोवतीची जागा झाडून लख्ख, पाण्याच्या कळश्या भरलेल्या. आग वाऱ्याच्या उलट सरकली तर सावकाश भाजते, यावर एकमत होतं. वाद होता वारा कुठला यावर. आबांनी बोट ओलं करून आभाळाकडे धरलं. बापूंनी विडीचा धूर सोडून पाहिला आणि आबांचं बोट चुकीचं ठरवलं. दोघांचा वाद गलबतांच्या शिडांपर्यंत पोचेतो काकीने काडी ओढलीसुद्धा.

पुण्याहून आलेली पोरं ज्वाळांची वाट बघत मोबाइल धरून उभी. वरच्या मातीने जाळ दाबलेला, त्यामुळे नुसता धूर, तोही फोटो काढणाऱ्याच्याच तोंडावर.

"काकी, पेटत का नाही?"

"पेटवायची होळी. ही माती भाजायचीय."

माती भाजली की तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं. हे मी पोरांना सांगत होतो, तेवढ्यात काकीचा शेतकी शिकलेला पुतण्या पुढे सरसावला. पाचोळ्यातलं नत्र धुरावाटे उडून जातं, यापेक्षा कंपोस्ट करा, म्हणाला. म्हणाला ते खरंच होतं, पण चुलतीपुढे खरं बोलायलाही वेळकाळ असतो.

"बरं. मग पावसात तण कोण काढणार? तू येतोस?"

पुतण्याला तेवढ्यात फोन आला.

पोरांनी निखाऱ्यांत काजूबिया टाकल्या. टरफलातलं तेल फस्सकन पेटलं आणि वाऱ्याचे दोन्ही जाणकार एकाच दिशेला पळाले.

दुसऱ्या दिवशी सल्लागार मंडळ पाट्या घेऊन हजर. कुणाला वालाच्या बियाण्याला लावायला राख हवी, कुणाला भांडी घासायला. काकीने प्रत्येकाला ओंजळभर दिली. पुतण्याला मात्र कुदळ.