सिंहगड दिसतो का?

परदेशातून येणारी माणसं बदाम आणतात, चॉकलेटं आणतात. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात घोटवडे फाट्याजवळच्या भरे गावात बंगला बांधून राहायला गेलेल्या एका निवृत्त काकांना न्यू जर्सीच्या पुतण्याने टीव्हीची अँटेना आणली. खोक्यावर 'डिजिटल', 'एचडी' आणि 'फोर-के' असे तीन ठसठशीत शिक्के. आत ॲल्युमिनियमच्या कांड्यांची पिशवी आणि एक सूचनापत्र. त्यातली पहिलीच सूचना अशी, की विजेच्या तारांजवळ अँटेना उभारल्यास मृत्यू येऊ शकतो. काकूंनी तेवढंच वाचलं आणि पत्र काकांच्या हातात दिलं.

'हिच्यावर टीव्ही फुकट दिसतो' असं सांगताना पुतण्या खोटं बोलत नव्हता. तो राहतो त्या एडिसनपासून मॅनहॅटन पन्नास किलोमीटरच्या आत आहे, आणि न्यूयॉर्कची बरीचशी चॅनेलं एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर यांच्या माथ्यावरून हवेत सोडली जातात. अमेरिकेतल्या पूर्ण शक्तीच्या केंद्रांनी 12 जून 2009 रोजी ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. छपरावर अँटेना लावायची, तिचं तोंड मॅनहॅटनकडे करायचं, की महिन्याचं बिल शून्य. 'शून्य' ऐकल्यावर काकांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि शिडी कुठे आहे ते विचारलं.

विचारायला हवं होतं ते दुसरंच. भरे गावातलं मॅनहॅटन कुठलं?

दुकानदार कितीही शपथेवर सांगो, ॲल्युमिनियमच्या कांडीला डिजिटल आणि ॲनालॉग यांतला फरक कळत नाही. तिला कळते फक्त लहरीची लांबी. 500 मेगाहर्ट्‌झची लहर 60 सेंटिमीटर लांब असते. ती धरायला तिच्या निम्मी, म्हणजे साधारण 30 सेंटिमीटरची कांडी पुरते. जुन्या जमान्यात 65 मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या चॅनेलला सव्वादोन मीटरच्या कांड्या लागायच्या. म्हणून तेव्हाच्या अँटेना वाळवणाची अर्धी गच्ची अडवून बसत, आणि आजची अँटेना सामानाच्या बॅगेत घडी होऊन येते. सगळ्यांत लांब कांडी मागे, तार जोडायची ती मधे, आणि लहान कांड्या पुढे, मनोऱ्याच्या दिशेला. हा नियम कित्येक घरांत उलटा पाळला जाई. तरी बातम्या दिसत, कारण मनोरा जवळ असे आणि प्रेक्षक सोशिक.

ही रचना 1926 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात सिद्ध झाली. मुख्य काम शिंतारो उदा यांचं, पण इंग्रजीत लेख लिहिला तो त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांनी, त्यामुळे जगभर नाव झालं 'यागी'. ऑफिसात काम कुणी केलं आणि सही कुणाची, हा प्रश्न जपानातही सुटलेला नाही, हे वाचून महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारकुनाला बरं वाटेल. खुद्द जपानी लष्कराने मात्र या शोधाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. 1942 मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा ब्रिटिशांच्या रडारच्या टिपणांत जपान्यांना 'यागी' हा शब्द पुन्हापुन्हा भेटला आणि त्याचा अर्थ त्यांना एका ब्रिटिश कैद्याला विचारावा लागला. तो म्हणाला, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव. पुढे 1950 च्या दशकात उदा काही वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत येऊन राहिले होते. त्यांच्या कांड्या भारतात लाखो गच्च्यांवर चढल्या, आणि आपण त्यावर कावळे बसवले.

दिल्लीत टीव्ही 15 सप्टेंबर 1959 रोजी सुरू झाला, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी, आणि 1973 मध्ये मुंबईचं चित्र सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागलं. पुणे जिल्ह्याचं मॅनहॅटन ते हेच. ज्या गडावर चढाई करायला तानाजीला रात्र निवडावी लागली, त्या गडावरून संध्याकाळच्या बातम्या उतरू लागल्या. घरोघरच्या गच्चीवर एक जण अँटेनाची नळी फिरवायचा, जिन्यात दुसरा उभा, टीव्हीसमोर तिसरा. 'आलं का?' 'आलं!' 'आता?' 'गेलं!' मग कधीतरी चित्र आलं पण आवाज गेला, अशी अवस्था होऊन मंडळी त्यावर समाधान मानत. पडद्यावर मुंग्या दिसत त्या तर घरच्याच झाल्या होत्या. त्या मुंग्यांतला अगदी बारीकसा वाटा विश्वाच्या जन्मकाळापासून उरलेल्या प्रारणाचा असतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी 'आधी ती नळी डावीकडे घे' असंच उत्तर मिळालं असतं.

त्यात टीव्हीला परवाना लागे. पोस्टात वर्षाचे 50 रुपये भरायचे. छपरावरची अँटेना ही लपवता न येणारी मालमत्ता, त्यामुळे संच घरात आल्याचं पोस्टमनला शेजाऱ्यांच्या आधी कळे. ही भानगड 1985 मध्ये संपली.

मुळशी तालुक्याचा तर मुंबईशी जुनाच हिशोब आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला. तरीही धरण झालं, जमिनी बुडाल्या, पाणी भिऱ्याला कोकणात उतरलं आणि वीज मुंबईला गेली. त्यानंतर अर्ध्या शतकाने मुंबईने टीव्हीवरून मुळशीकडे 'चिमणराव गुंड्याभाऊ' पाठवले. विनिमय उत्तम होता असं कुणी म्हणणार नाही, पण आलेल्या पाहुण्यांना तालुक्याने नावं ठेवली नाहीत.

पाहुणे आले तेही सगळीकडे सारखे नाहीत. भरे गावापासून सिंहगड हवाई अंतराने वीसेक किलोमीटर, दक्षिणेला पण थोडा पूर्वेकडे कललेला. न्यू जर्सीच्या हिशोबाने हे अंतर हाकेचं. फक्त एडिसन आणि मॅनहॅटन यांच्यामध्ये डोंगर नाहीत. इकडे पिरंगुटच्या दक्षिणेची रांग आडवी पडलेली. टीव्हीच्या लहरी बहुतांशी सरळ जातात. डोंगराच्या कडेवरून थोड्या वाकतात, पण वाकून वाकून किती वाकणार. शिवाय बाजूच्या डोंगरावर आपटून आलेली लहर क्षणभर उशिरा पोचते, म्हणून ॲनालॉग काळात अशा गावांत वृत्तनिवेदिकेच्या खांद्याशी तिचीच फिकट जुळी बहीण उभी असे. लांब बांबू आणा, अँटेना उंच चढवा, बूस्टर लावा, असे उपाय चालत. बूस्टरचा स्वभाव निःपक्षपाती. तो चित्र वाढवतो आणि मुंग्याही वाढवतो.

काकांना यातलं काही ठाऊक नव्हतं असं नाही. ते गच्चीत होकायंत्र घेऊन उभे राहिले. नळी जस्ताची, तिला अर्थिंगची तार, कारण वळवाच्या दिवसांत मुळशीत वीज कडाडते ती काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. केबल गोल, 75 ओहमची, पूर्वीची चपटी 300 ओहमची पट्टी नव्हे. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडला, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकून जावं. कांड्या जमिनीला समांतर, लहान तोंड सिंहगडाकडे. अँटेना इतकी शास्त्रशुद्ध बसली होती की एखाद्या पाठ्यपुस्तकात छापावी. काकूंचं म्हणणं एवढंच, 'अहो, आधी खाली उतरा.'

मग टीव्हीने आपोआप शोध सुरू केला. टक्के वाढत गेले. शंभर झाले. चॅनेलं शून्य.

जुना टीव्ही असता तर निदान मुंग्या आल्या असत्या, कुजबुज आली असती, आशा राहिली असती. डिजिटल चित्र जावयाच्या स्वभावाचं आहे: मानपान पुरता झाला तर ऐटीत येतं, नाहीतर उंबऱ्यावरूनच परत. संकेत एका मर्यादेपर्यंत कमजोर होईतो चित्र स्वच्छ. तिच्याखाली एकदम काळा पडदा. 'आलं का?' या प्रश्नाला 'थोडंसं' हे उत्तर उरलेलं नाही. डोंगरावरून उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनीला मात्र ही पद्धत घाबरत नाही. ती जुळी बहीण डिजिटलमध्ये दिसत नाही. पण त्यासाठी मुळात लहर तरी यायला हवी.

आणि लहर होती कुठे? दूरदर्शनने फेब्रुवारी 2016 मध्ये 16 शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, तेही डीव्हीबी-टी2 या पद्धतीने. अमेरिकेची पद्धत निराळी. त्या 16 शहरांत मुंबई होती, औरंगाबाद होतं, पुणे नव्हतं. 2021 मध्ये प्रसार भारतीने जाहीर केलं, की मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून बाकी ॲनालॉग प्रक्षेपकही मार्च 2022 पर्यंत बंद होतील. काकांची अँटेना निर्दोष होती, 500 मेगाहर्ट्‌झला तर अगदी मापातली. तिला ऐकायला कुणी बोलत नव्हतं.

याच पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला अशीही मंडळी आहेत जी हवेत टीव्ही नसावा अशीच इच्छा धरतात. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या याच टापूतल्या लहरींवर दूरच्या दीर्घिका ऐकतात, आणि माणसाने सोडलेला कुठलाही संकेत हा त्यांच्या लेखी गोंगाट. काकांचं शून्य त्यांनी पेढे वाटून साजरं केलं असतं.

शेवटी गावातलाच एक डिश बसवणारा पोरगा आला. त्याने नळी हलवून पाहिली, अर्थिंग पाहिलं, कौतुकाने मान डोलावली. 'काका, काम एक नंबर हाय. पण सिंहगड सोडा आता. वर बघा.' डीडी फ्री डिशची छत्री, महिन्याचं भाडं नाही, सगळं मिळून दोनेक हजारांत. ही सेवा डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली होती. तिचा उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाला, 36 हजार किलोमीटर उंचीवर उभा. भरे गावातून तो आग्नेयेला दिसायला हवा, क्षितिजापासून 59 अंश वर. छत्री तितकी वर पाहत असल्यासारखी वाटत नाही, कारण तिचा वाडगा मुद्दाम तिरका घडवलेला असतो. यावरून काका आणि तो पोरगा यांच्यात बराच वेळ वाद झाला आणि पोरगा बरोबर निघाला. एका गोष्टीने काकांना समाधान मिळालं. छत्रीची दिशा आणि सिंहगडाची दिशा यांत अंतर वीसेक अंशांचंच. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, तोंड गडाकडेच आहे.

वीस किलोमीटरवरचा मनोरा डोंगरामुळे दिसत नाही आणि 36 हजार किलोमीटरवरचा उपग्रह बिनबोभाट दिसतो. पण पावसाळा यायचा होता. छत्रीत उतरणारी लहर अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची. मुळशीचा मुसळधार पाऊस तिला मधेच गाठतो. 60 सेंटिमीटरच्या लहरीला तो पाऊस जवळपास जाणवतही नाही. म्हणजे ज्या अँटेनाला पावसाची भीती नाही तिला चित्र नाही, आणि जिच्याकडे चित्र आहे तिला नेमकं जुलैत मौन. आषाढात सह्याद्री वाहिनी गायब झाली की काकू खिडकीतून खराखुरा सह्याद्री पाहतात, ढग असतील तर तोही नसतो.

काकांनी अमेरिकन अँटेना उतरवलेली नाही. थेट मोबाइलवर टीव्ही दाखवण्याच्या चाचण्या प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी काही शहरांत घेतल्याचं त्यांनी वाचलं. त्यासाठी 526 ते 582 मेगाहर्ट्‌झचा पट्टा चर्चेत आहे, आणि पद्धत एटीएससी 3.0, म्हणजे चक्क अमेरिकन घराण्यातली. 554 मेगाहर्ट्‌झला कांडी लागते 27 सेंटिमीटरची. काकांनी गच्चीवर जाऊन टेप लावून मोजून घेतलं. आता ते दिल्लीला पत्र लिहीत आहेत. हे प्रक्षेपक देशभर बसवायचे झाल्यास पुण्यासाठी जागा शोधण्याचा खर्च करू नये, ती 1973 मध्येच शोधून झाली आहे, असं त्यात म्हटलं आहे. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची, सुमारे 1,300 मीटर, अधोरेखित केली आहे. पिरंगुटच्या डोंगराचा उल्लेख केलेला नाही. तो करावा असं काकूंचं मत पडलं, पण सरकारला सगळंच सांगायची गरज नसते, असं काकांनी त्यांना ऐकवलं.