रक्तपिपासूंची वार्षिक सर्वसाधारण सभा

ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला १८९७ सालचा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. म्हणजे या दोन्ही संस्था वडीलकीच्या नात्याने त्याला केव्हाही 'बस बाळ, चहा घे' म्हणू शकतात. तेव्हा आमच्या भागातल्या वाचकाला व्हॅम्पायरमधलं काय कळतं, असं कोणी विचारू नये. शिवाय रक्त शोषणाऱ्यांशी आमचा रोजचा घरोबा आहे. संध्याकाळी खिडकी उघडी ठेवून बघा.

तर गाऱ्हाणं असं. अ‍ॅन राइस नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७६ मध्ये 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर' लिहिली. लुई नावाचा व्हॅम्पायर एका तरुणाला रात्रभर आपली कर्मकहाणी सांगतो. मरण नसणं ही काय शिक्षा असते, हे त्यातून असं काही उतरलंय की वाचणाराही हळहळतो. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये दुसऱ्याची मान आपल्या दातांपासून वीतभरही लांब नसते. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, तेव्हा अशा अवस्थेत ही कादंबरी वाचली की तो बोगदा फार लांबलचक वाटायचा. १९८५ मध्ये लुईचा गुरू लेस्टाट आपली बाजू मांडायला आला, तोही झकास. १९८८ मध्ये व्हॅम्पायरांची आदिमाता राणी जागी झाली. इथवर सगळं फक्कड.

मग गाडी रेंगाळली. १९९२ मध्ये लेस्टाटने माणसाचं शरीर घेतलं आणि आजारी पडून अंथरूण धरलं. १९९५ मध्ये तो स्वर्ग आणि नरक बघून आला. २००३ मध्ये त्याला संत व्हायचे डोहाळे लागले. वाचक कावले. बाईंनी २००४ मध्ये त्यांना जाहीर सुनावलं की दोष तुमच्या वाचण्यात आहे. वर पत्ता देऊन म्हणाल्या, पुस्तक परत पाठवा, पैसे देते. हा पत्ता डोंबिवलीत वेळेवर पोचला असता, तर आमच्या लोकांनी कुरियरचं बिलही जोडलं असतं.

मग बाई व्हॅम्पायरांना रामराम ठोकून येशूच्या बालपणाकडे वळल्या. पण राजीनामा परत खिशात घालायची कला काही फक्त आपल्याच पुढाऱ्यांना येते असं नाही. २०१४ मध्ये लेस्टाट हजर, आता थेट राजपुत्र! २०१६ मध्ये कळलं की व्हॅम्पायरांची नाळ बुडालेल्या अटलांटिसशी आणि परग्रहाशी जुळलेली आहे. चार दशकं ज्याला शाप समजून आपण हळहळलो, ते आयात केलेलं तंत्रज्ञान निघालं.

अशा मालिकांचा पहिला भाग जुन्या पुस्तकांच्या ढिगात कधी सापडत नाही. दहावा-अकरावा हटकून सापडतो, तोही कोरा करकरीत. मला मिळालेल्या प्रतीत ४२व्या पानावर ठाणे–डोंबिवली तिकिटाची खूण होती. बिचारा वाचक दिव्यालाच उतरला असावा.

मालिका लांबते याला माझी हरकत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण प्रत्येक वेळी गुन्हेगार त्याच पुस्तकात सापडायचा. नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' रचली आणि एका पुस्तकात विषय मिटवला. धारपांकडे भुताला पुढच्या वर्षीचा करार मिळत नसे. इथे खलनायकाला मारायचीच सोय नाही, कारण तो मेला तर पुढचा भाग कोण विकणार? मग त्याला कामाला लावायचं. २०१८च्या तेराव्या भागात लेस्टाट काय करतो? दरबार भरवतो, नियम करतो, ज्येष्ठांच्या मंडळाचं ऐकून घेतो आणि फ्रान्समधला आपला वडिलोपार्जित किल्ला दुरुस्त करतो. मान चावणारा माणूस मान डोलावू लागला, की समजावं तो कमिटीवर निवडून आला.

हा भाग मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना दिला. ते सोसायटीच्या पुनर्विकास समितीत आहेत, त्यामुळे त्यांना न मरणाऱ्या गोष्टींची सवय आहे. चार दिवसांनी ते पुस्तक घेऊन खाली आले. मी म्हटलं, "काका, शेवटी शेवटी फारच अशक्य कोटीतलं आहे ना?"

"अरे, व्हॅम्पायर वगैरे ठीक आहे," काका म्हणाले. "पण किल्ला दुरुस्त, शेजारी अख्खं गाव उभं, कामगार खूश, आणि एका सभासदाची हरकत नाही? एवढी थाप मारायची म्हणजे... बरं, त्या आर्किटेक्टचा नंबर दिलाय का कुठे? आणि ओसी कोणी काढून दिली?"