चौकातले शॉकअप-तज्ज्ञ व्हा!

मोटरसायकलच्या सस्पेन्शनवर बोलायला इंजिनिअर असावं लागतं, हा गैरसमज आधी काढून टाका. चहाची टपरी, एक उभी गाडी आणि दोन-तीन रिकामी माणसं एवढं भांडवल पुरतं. गाडी दुसऱ्याची असेल तर उत्तमच. खालच्या सूचना नीट पाळा, एका पावसाळ्यात नाव होईल.

१. निदान. पुढचा ब्रेक धरा, हँडलवर भार देऊन गाडी दोनदा दाबा, 'च्च' करा आणि म्हणा, "शॉकअप बसलेत." पुढचे की मागचे असं कुणी विचारलंच तर "दोन्ही." स्प्रिंग आणि तेल यांची कामं वेगळी असतात, हे चुकूनही सांगू नका. स्प्रिंग धक्का झेलते आणि लगेच परत फेकते. ती उडी जिरवायचं काम तेलाचं. बारीक भोकांतून ते रेटलं जातं, तापतं आणि धक्का तिथेच संपतो. बीएमडब्ल्यूने असा तेलाचा टेलिस्कोपिक फोर्क १९३५ साली आर १२ या गाडीला बसवला. नव्वद वर्षं झाली, बातमी अजून आपल्या चौकात पोचलेली नाही. तोवर कमवून घ्या.

२. कडक करा. तुमची सगळी प्रतिष्ठा याच कलमावर उभी आहे, तेव्हा लक्ष देऊन वाचा. मागच्या शॉकअपवर खाचांची एक रिंग असते, बऱ्याच गाड्यांना पाच खाचांची. आकड्याचा पाना लावून ती फिरवायची. गिऱ्हाईक म्हणालं, "मागून आपटते," तर शेवटच्या खाचेवर न्या. म्हणालं, "मागून दणके बसतात," तरीही शेवटच्या खाचेवर न्या. डावी रिंग चौथ्या खाचेवर आणि उजवी दुसऱ्या खाचेवर राहून गेली, तर "रस्त्याला उतार असतो ना एका बाजूला" असं सांगा.

गंमत अशी, की रिंग फिरवून स्प्रिंग कडक होतच नाही. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा घेर आणि त्यांची संख्या यांवर कारखान्यातच ठरून आलेला असतो. रिंगमुळे गाडी वजनाखाली कमी दबते, मागून उंच राहते, एवढंच. स्वार बसल्यावर चाकाच्या एकूण खेळातला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग दबायला हवा, कारण चाकाला उंचवट्यावर वर जायला जागा लागते तशी खड्ड्यात खाली उतरायलाही लागते. साठ किलोचा पोरगा एकटाच शेवटच्या खाचेवर फिरला, की चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. टायर रस्ता सोडतो आणि पोराला वाटतं गाडी स्पोर्टी झाली. बिचारा! त्याचा आनंद हिरावून घेऊ नका. मागून उंच झाल्यामुळे पुढचा फोर्कही थोडा उभा होतो, गाडी चटकन वळते आणि सरळ रस्त्यावर भरधाव असताना डळमळते. "हलकी लागते ना आता?" असं विचारा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

३. डबलसीट. रिंग ज्या कामासाठी दिलेली असते ते हेच: मागे माणूस किंवा गॅसचं सिलिंडर आलं की गाडी पुन्हा सपाटीला आणायची. म्हणून नेमकं अशा वेळी तिला हात लावू नका. गाडी मागून बसेल, पुढून हलकी होईल आणि हेडलाइट थेट समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जाईल. तो डिपर मारेल. तुम्हीही मारा.

४. फोर्क ऑइल. कधीच बदलू नका. ऑइल सील फाटून पाइपावर तेल ओघळू लागलं, तर जुन्या बनियनने पुसा. पुसलेलं तेल गळत नाही, हा नियम पाठ करा. तेल कमी झालं, की ब्रेक लावताच पुढची बाजू खाडकन खाली जाते. ताम्हिणी घाटाच्या उतारावर ऐन वळणात हा प्रयोग विशेष रंगतो, कारण नाक खाली गेलं की फोर्कचा कोन बदलतो आणि ठरवलेल्यापेक्षा गाडी जास्तच आत वळते. तेल डिस्कवर उतरून ब्रेक लागेनासा झाला, तर म्हणा, "सस्पेन्शन मऊ झालंय."

५. नळकांडीवाले शॉकअप सुचवा. नळकांड्यातल्या नायट्रोजनच्या दाबामुळे आतल्या तेलाला फेस येत नाही, एवढाच त्या गॅसचा उपयोग. तुम्ही मात्र "आपण हवेवर चालतो" असं सांगा. नळकांडं पिवळं असेल तर दोनशे रुपये जास्त घ्या.

६. टायरची हवा. टायर हाही सस्पेन्शनचाच भाग, म्हणून तोही कडक करा. कंपनीने चेनकव्हरवर किंवा स्विंग आर्मवर चिकटवलेला आकडा वाचू नका. "टाक चाळीस," असं म्हणा आणि मोबाइल बघत राहा.

७. गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गतिरोधक आहे, ताशी २५ किलोमीटरने ओलांडायचा. आपल्या गल्लीतला गतिरोधक नगरसेवकाच्या मेव्हण्याने उरलेल्या डांबरात बसवलेला असतो, त्याला त्रिज्या नसते, धार असते. त्यावर चढताना पुढचा ब्रेक शेवटपर्यंत दाबून ठेवा. ब्रेकनेच फोर्क दबून गेलेला असला, की उरलेला धक्का अडथळ्याविना मनगटात येतो. काही भित्रे लोक अलीकडेच वेग कमी करतात, ब्रेक सोडतात, फोर्क वर येऊ देतात आणि मग चढतात. त्यांना कधीच शॉकअप बदलावे लागत नाहीत. अशांशी मैत्री ठेवू नका, धंदा बसेल.

८. तक्रारी. गिऱ्हाईक महिन्याभरात कंबर धरून परत येईल. त्याला आधी चहा सांगा. पुन्हा एकदा दाबून बघा आणि समजुतीने सांगा, "शॉकअप एक नंबर आहेत, दादा. तुमची सीट गेलीये." मग जेलची गादी टाकून देणाऱ्याचा पत्ता द्या. आणि त्याला तुमचं नाव सांगायला विसरू नका म्हणावं.