वावर नानांचं, भरीत आपलं

हिवाळ्यात सरकार नागपूरला जातं आणि खान्देश वावरात जातो. गर्दी, भाषणं आणि जेवणावळी दोन्हीकडे सारख्याच. फरक एवढाच, की वावरातलं कामकाज गोंधळामुळे तहकूब होत नाही. इंग्रजी शाळेतल्या नातवाला नाताळची सुटी असते, पुण्यातल्या मुलाला वर्षाच्या उरलेल्या रजा संपवायच्या असतात आणि बँकेतले जावई चौथ्या शनिवारला एक किरकोळ रजा जोडून घेतात. ही सगळी बेरीज डिसेंबरच्या शेवटी महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगावच्या फलाटावर उतरते. बॅगा अजून रिक्षात चढलेल्या नसतात, तोवर प्रश्न येतो, "यंदा भरीत कोणाच्या वावरात?"

इथे खान्देशाची खरी अडचण आहे. ज्याला सुटी आहे त्याच्याकडे वावर नाही आणि ज्याच्याकडे वावर आहे त्याला सुटी नाही. आपल्या लोकांनी त्यावर तोडगा काढला तो असा, की सुटी आपली आणि वावर दुसऱ्याचं. म्हणून जूनमध्ये ज्या मित्राचा फोन आपण 'बियाण्याला पैसे मागेल' या भीतीने उचलत नाही, तोच मित्र मार्गशीर्ष लागला की जिवाभावाचा होतो. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला, की चातुर्मासात सोडलेलं वांगं पुन्हा सुरू होतं आणि त्याच्या मागोमाग पाहुणेही सुरू होतात. आमच्या ओळखीतल्या नानांकडे रविवारी एक गट जेवून उठतो तेव्हा दुसरा बांधावर गाड्या लावत असतो. नानांनी आता वांग्याच्या ओळी नातेवाइकांच्या हिशेबाने लावायला घेतल्यात, असं ऐकतो.

भरीत कशाचंही करायची सोय नाही. वांगं लागतं ते फिकट हिरवं, पांढुरक्या झाकेचं, बाळसेदार आणि आत बी कमी असलेलं. बामणोदच्या वांग्याचं नाव घेतलं की जळगावकर आवाज खाली आणतो. 2016 मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. केळीलाही त्याच वर्षी मिळालं, पण केळीच्या मानांकनावरून भाऊबंदकीत अबोला धरल्याचं ऐकिवात नाही. भरताचं तसं नाही. वांगी भाजायची ती कपाशीच्या पऱ्हाट्यांवर. गॅसवर भाजणाऱ्याला जातीबाहेर टाकत नाहीत, पण पुढच्या वेळी बोलावतही नाहीत. पऱ्हाट्या चटकन पेटतात, जाळ अंगावर येतो, वांग्याची साल तडकते, देठाजवळून पाण्याचे बुडबुडे फुटतात आणि मग एकजण उघड्या हातांनी ते कोळशासारखं काळं वांगं सोलायला बसतो. बोटं पोळली की फुंकर मारायची आणि पुढचं घ्यायचं. सोललेली वांगी लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत ठेचायची. मग तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि मूठ-मूठ कांद्याची पात. सोबत कळण्याच्या पुऱ्या किंवा भाकरी आणि खाली केळीचं पान. टोमॅटो घालू का, असं विचारणाऱ्या पुण्याच्या सुनेकडे सगळी मंडळी अशी पाहतात, की ती बिचारी मोबाईलला रेंज शोधायच्या निमित्ताने बांधापर्यंत चालत जाते. दह्याचं तर तिने मनातच ठेवावं.

आमच्याकडे भरताचा सोस किती? 2018 च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात टनावारी भरीत रांधून विक्रम केला. त्यानंतर बरेच दिवस शहरात चर्चा विक्रमाची नव्हती. चर्चा होती ती मिरची कमी पडली का, याची.

"आमच्याकडे भरीत पुरुष करतात बरं का," हे वाक्य दरसाल नव्या जावयाला अभिमानाने ऐकवलं जातं. खरं आहे. एक पुरुष भाजतो, एक ठेचतो आणि उरलेले सगळे जाळाभोवती उभे राहून 'अजून होऊ द्या' म्हणतात. तेवढ्या वेळात कळणं मळणं, पुऱ्या लाटणं, तळणं, पानं मांडणं, पोरांची नाकं पुसणं आणि मागाहून भांडी घासणं ही किरकोळ कामं बायका उरकून टाकतात. जेवण झाल्यावर टाळ्या भाजणाऱ्याला.

या पंगतीत धुळ्याचे दाजी असले की थंडीवरून वाद ठरलेला. उन्हाळ्यात तापमानाचा मान भुसावळचा आणि हिवाळ्यात तो धुळ्याचा. तिथल्या कृषी महाविद्यालयातला पारा किती उतरला याची बातमी धुळेकर घरातल्या लग्नपत्रिकेसारखी गावभर वाटतो. "महाबळेश्वर काय घेऊन बसलात? आमच्याकडे या!" दाजी म्हणतात. आकडा सहाचा असला तर ते पाच सांगतात. तो बोचरा वारा जणू त्यांनी स्वतः पांझरेच्या काठावर राबून पिकवलाय. जळगावकर मग हळूच मेहरूणच्या बोरांचा विषय काढतो. दाजी शेवभाजीवर येतात. तह होतो तो फौजदारी डाळीवर आणि दुसऱ्या दिवशी सगळे सारंगखेड्याला घोडे बघायला जायचं ठरवतात. एकमुखी दत्ताच्या त्या यात्रेत लाखांच्या बोलीचे घोडे येतात. आमची मंडळी घोड्याचे दात तपासतात, मान थोपटतात, किंमत विचारतात, 'जास्त सांगतोय' म्हणतात आणि जिलेबीच्या दुकानाकडे वळतात.

आता नानांकडे येऊ, कारण पंगतीत त्यांच्याकडे कोणी येत नाही.

पाहुण्यांच्या तोंडी 'गुलाबी थंडी' हा शब्द दर दहा मिनिटांनी असतो. नानांच्या वावराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात केळी आहे. पारा दहाच्या खाली राहिला की केळीची वाढ अडते, पोगा पिवळा पडतो, निसवायला आलेला घड खोडातच अडकतो. म्हणून नाना रात्री बांधावर पालापाचोळा पेटवून बागेत धूर धरतात. तो धूर पाहून पुण्याचा भाचा म्हणाला, "वा मामा, कॅम्पफायर!" नानांनी मान डोलावली. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

गव्हाच्या पाण्याचंही तेच. वावरातल्या मोटारीला वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, आलटून पालटून. पंगत उठल्यावर दाजींनी जड आवाजात विचारलं,

"नाना, इतली थंडी, तरी रातले कशाले जातस?"

"रातले लाईट येस, दाजी. पानी भराले जानं पडस."

"मग सोलर लावा ना."

त्यानंतर नानांच्या खाटेभोवती कृषी परिषद भरली. बँकेच्या जावयांनी ठिबकचं अनुदान समजावलं. रजा संपवायला आलेल्या मुलाने वांग्यांचा ब्रँड काढून थेट बंगळुरूला विकायची योजना मांडली आणि त्यासाठी नानांनी फक्त एक ॲप बनवून घ्यावं असं सुचवलं. दाजींनी शेणखताचं महत्त्व सांगितलं. वांग्याला काल बाजारात काय भाव मिळाला, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. भाव विचारला असता, तर जाताना गाडीत टाकलेल्या पिशव्या जरा जड झाल्या असत्या.

पिशव्यांचंही शास्त्र आहे. "नको नको, कशाला?" हे तीनदा म्हणायचं आणि तोवर डिकी उघडून ठेवायची. वांगी, पात, हरभऱ्याची भाजी, केळीची एक फणी आणि धुळ्याच्या दाजींसाठी पऱ्हाट्यांची मोळीसुद्धा, कारण 'फ्लॅटच्या गच्चीवर करून बघू.' सोसायटीच्या गच्चीवर पऱ्हाट्या पेटवल्यावर सेक्रेटरी काय म्हणतात, ते पुढच्या रविवारी कळेल.

त्या रात्री व्हॉट्सॲपच्या 'भरीत परिवार' गटावर फोटोंचा पूर आला. जाळाचे, पानांचे, कॅम्पफायरचे. "निसर्गाच्या सान्निध्यात," असं कुणीतरी लिहिलं. कुणीतरी हात जोडले. एका आत्याने पुढचा ठराव मांडला: संक्रांतीच्या आधी हुरडा, जागा तीच. पाच मिनिटांत सगळ्यांचे होकार आले, मिरची कोण आणणार तेही ठरलं. शेवटी नवी सून म्हणाली, "नानांना विचारलं का?"

नाना त्या गटात नव्हतेच. दाजींनी लिहिलं, "त्यांना काय विचारायचं, घरचेच आहेत. सकाळी फोन करू. आता झोपले असतील."